कात्रीचा उजवा खांदा

कात्रीला राग यायला कारण लागत नाही, असं तिचा नवरा लग्न झाल्यापासून सांगत आला होता. या वेळी मात्र कारण होतं, आणि ते तिच्या उजव्या खांद्यात होतं.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. केस कापायचा धंदा आणि कुणाचीही भीड न ठेवणारी जीभ, दोन्ही एकाच बाईकडे असल्यावर गिऱ्हाइकांनी दुसरं काय म्हणावं? चपलांचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध तिचं सलून होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस धुवायचं एक बेसिन, आणि कितीही झाडलं तरी कोपऱ्यात उरणारे केस. एका हातात ड्रायर, दुसऱ्यात गोल ब्रश, आणि दोन्ही हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत खांद्याच्या वर. लोकांना वाटतं या कामात बोटं दमतात. दमतात ते खांदे.

तिची धाकटी नणंद विम्याच्या कचेरीत बसून काम करायची आणि यांच्याच घरी राहायची. नणंद-भावजयीचं चांगलं गूळपीठ होतं. कात्रीच्या नवऱ्याबद्दल तक्रार करायची झाली तर ऐकायला त्याची बहीणच बसायची, आणि वर दोन किस्से स्वतःचे जोडायची. दुकानांच्या मागे फर्निचरचं जुनं गोदाम होतं, तिथे व्यायामाचा क्लास सुरू झाला तेव्हा आधी नणंद गेली, आणि महिन्याभरात वहिनीच्या मागे लागली.

"दिवसभर उभी असतेस म्हणजे व्यायाम झाला असं नाही, वहिनी."

"मग काय झालं?"

"पाय दुखले. एवढंच झालं."

कात्री गेली आणि तिला ते आवडलं, हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं सगळं 'मी म्हणतच होते' छापाचं वाटेल. रबरी जमिनीचा वास, भिंतीवर लाल आकड्यांचं घड्याळ, छाती हादरवणारं संगीत, आणि त्यात तासभर कुणाच्याही डोक्याचा विचार करायचा नाही. तिला गाढ झोप लागू लागली. जिना चढताना लागणारी धाप गेली. शिकवणाऱ्या तरुणाला सगळे 'सर' म्हणायचे. दरवाजाएवढे खांदे, फाटक्या आवाजात सतत ओरडणं, आणि ओरडण्यात एकच पालुपद: "अजून पाच!" पाच झाले की पुन्हा अजून पाच. कात्री दमत नाही म्हणून सर तिला सगळ्यांपुढे शाबासकी द्यायचे. आयुष्यभर हिच्या हाताखालून गेलेल्या बायकांनी आरशात स्वतःकडे पाहून "छान झालंय" म्हटलं होतं. 'तू छान आहेस' असं हिला कुणी म्हटलं नव्हतं. ती फुलली.

मग खांदा कुरकुरायला लागला. आधी केस वाळवताना, मग रात्री त्या कुशीवर झोपताना. एका संध्याकाळी तिने सरांना सांगितलं.

"खांद्यात काहीतरी घासतंय. आज हात वर न्यायचं नको."

"वहिनी, तो आळस बाहेर पडतोय," सर म्हणाले. नणंदेमुळे तीही सगळ्या क्लासची वहिनी झाली होती. "दुखणं इथे असतं." त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. सगळे हसले. तीही हसली. या हसण्याचा राग तिला पुढे सगळ्यात जास्त आला.

त्या दिवशी दोन गट पाडून स्पर्धा होती. कान असलेला लोखंडी गोळा, त्याला ते केटलबेल म्हणायचे आणि कात्री 'बिनचहाची किटली' म्हणायची. तो दोन पायांमधून झुलवत थेट डोक्यावर न्यायचा, घड्याळावरची वेळ संपेपर्यंत. दिवसभर सलूनला उसंत मिळाली नव्हती. हात लाकडासारखे झाले होते. ती थांबली, तेव्हा सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि तिच्या तोंडासमोर ओरडले, "अजून पाच!"

तिसऱ्या वेळी खांद्याच्या आत जुनं कापड टरकावं तसं झालं. गोळा सुटला आणि तिच्या पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर धाडकन पडला.

"वस्तू टाकायची नाही!" सर म्हणाले.

तिने हात पोटाशी धरला आणि नणंदेकडे पाहिलं. नणंदेनेही तिच्याकडे पाहिलं. पण गट हरत होता आणि घड्याळ चालू होतं. ती आपला गोळा झुलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाचे केस वाळवायला कात्रीने ड्रायर उचलला, आणि हात छातीपाशी अडला. पुढे जाईच ना. डाव्या हाताने जमेल तसं केलं. ती बाई एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने फुगलेले केस घेऊन उठली आणि सभ्यपणे काही बोलली नाही. शिवी दिली असती तरी परवडलं असतं.

घरी तर कात्रीला स्वतःची वेणीही घालता येईना. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने तिच्या केसांना रबरबँड लावला तो केबलचं बंडल आवळावं तसा.

"दुखतंय," ती म्हणाली.

"सैल केलं तर सुटेल."

"ही लिफ्ट नाहीये, माझं डोकं आहे."

"लिफ्ट इतकी ओरडत नाही," तो म्हणाला, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी पाहून त्याने रबरबँड सैल केला. संध्याकाळपर्यंत खांदेदुखीच्या डॉक्टरची वेळ त्यानेच घेतली.

सोनोग्राफीत दिसलं की खांदा फिरवणाऱ्या स्नायूंपैकी एकाचा दोर हाडाजवळ अर्धवट फाटला होता. ऑपरेशन नको, डॉक्टर म्हणाले. फिजिओथेरपी करा, नियमित करा, आणि महिने मोजू नका.

नणंदेने हे क्लासमध्ये सांगितलं आणि तिथलं उत्तर घरी आणलं.

"सर म्हणतात, तुझी पद्धत चुकली असेल."

"शिकवलं कुणी?"

"तसं नाही गं. पण बाकी कुणाला काही झालं नाही ना."

"तुझा गुडघा काय मग हवेने फुगलाय?"

नणंदेने पाय ओढून घेतला. तिच्या डाव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती, आणि ती काही त्या दिवशी पहिल्यांदा ठेवलेली नव्हती.

फिजिओथेरपीची खोली एका बँकेच्या वर होती. तीन खाटा, मध्ये निळे पडदे, हुकाला टांगलेले रंगीत रबरी पट्टे, गरम पाण्याच्या पिशव्यांची वाफ. तिथल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर जाडजूड, संथ बाई होत्या. बोलताना घाई नाही आणि हसताना आवाज नाही. त्यांनी कात्रीचा हात सगळ्या दिशांनी फिरवून पाहिला, कुठे अडतो, कुठे दुखतो ते बघितलं, आणि तिला भिंतीशी उभं केलं. कोपर अंगाशी, मूठ भिंतीला, आणि हळूच दाबायचं. हात हलवायचा नाही.

"हा व्यायाम?" कात्री म्हणाली. "मी लोखंड डोक्यावर नेत होते."

"म्हणून इथे आलात."

कात्रीने दात आवळून मूठ दाबली.

"रागाने नको," डॉक्टर म्हणाल्या. "भिंत माझी आहे."

कात्रीला हसू आलं आणि त्याचाही राग आला. पण ती जात राहिली. भिंतीनंतर पट्टा आला, पट्ट्यानंतर पाण्याची भरलेली बाटली. डॉक्टरांनी तिला सलूनमध्ये खुर्ची खाली करायला लावली, ड्रायर डाव्या हातात घ्यायला शिकवलं. एकदा तिने विचारलंच, म्हणजे तो व्यायामच वाईट का? डॉक्टरांनी मान हलवली. "व्यायामाने काय वाईट केलंय? तुमचा खांदा दिवसभर कामावर होता. संध्याकाळी त्याला दुसऱ्या नोकरीवर धाडलंत, तीही घड्याळ लावून. तो नाही म्हणाला, ते कुणी ऐकलं नाही." त्या 'कुणी'मध्ये आपणही आहोत हे कात्रीला कळलं.

एके दिवशी दुपारी ती खाटेवर पडली होती, खांद्यावर गरम पिशवी. पडद्यापलीकडून फाटका आवाज आला. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

"गोळी घेतल्याशिवाय सकाळी मोजे घालता येत नाहीत, डॉक्टर."

"मी तुम्हाला उड्या आणि वजन बंद करायला सांगितलं होतं."

"दाखवल्याशिवाय शिकवायचं कसं? आणि मी बंद केलं तर मालक दुसरा आणेल."

"पायात मुंग्या?"

"कधीकधी. पण कुणाला सांगू नका."

कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, गरम पिशवी खांद्यावरून घरंगळली, आणि तिने डाव्या हाताने पडदा सरकवला.

सर पालथे पडले होते, चेहरा खाटेला तोंडासाठी ठेवलेल्या भोकात. त्यामुळे तिला त्यांच्या टाळूशी बोलावं लागलं.

"माझा तो आळस होता ना, सर?"

त्यांना चटकन वळताही येईना. आधी गुडघा घेतला, मग कोपर, मग श्वास धरून कुशीवर. तेवढा वेळ कात्रीला तिथे नुसतं उभं राहावं लागलं, आणि उभं राहून रागावणं किती अवघड असतं ते कळलं.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले. त्यांचा चेहरा खाटेच्या कडेने दाबून लाल झाला होता. "चुकलं माझं. पण हे बाहेर बोलू नका. माझी भाकरी आहे ती."

"आणि माझी काय होती?"

"तुम्ही बाहेर व्हा," डॉक्टर कात्रीला म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण त्यांना रागावलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. "इथे पडदा ओढला की ती भिंत असते. आत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. जमत नसेल तर दुसरी जागा बघा."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं पुटपुटत ती जिना उतरली. आता तिला डॉक्टरांचाही राग आला होता. डॉक्टरांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच.

घरी नणंद सोफ्यावर गुडघा उशीवर ठेवून बसली होती. पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये मोठी स्पर्धा होती.

"जाऊ नकोस," कात्री म्हणाली.

"तू हार मानलीस म्हणून सगळ्यांनी मानायची का?"

कात्रीने तोंड उघडलं आणि मिटलं. नवरा जेवता जेवता थांबून तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत तिने शब्द गिळलेला त्याने पाहिला नव्हता.

सांगायचं नाही, हे तिने पाळलं. पण गप्प बसणं तिला जमणार नव्हतं. स्पर्धेच्या संध्याकाळी तिने सलून लवकर बंद केलं आणि गोदामात जाऊन दाराशी उभी राहिली. संगीत चालू होतं, घड्याळ चालू होतं. नणंद लंगडत उठाबशा काढत होती आणि सर तिच्यासमोर बसून ओरडत होते, "गुडघा डोक्यात असतो! अजून पाच!"

कात्री सरळ आत गेली आणि तिने संगीताचं बटण बंद केलं. सगळे वळले.

"सर," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात, गिऱ्हाइकाला 'थोडे पुढून कमी करू का' विचारावं तशी. "हिला नीट कळत नाहीये. तुम्ही एकदा करून दाखवा ना. तो मोठा गोळा घेऊन."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं. तिलाही समजलं होतं की त्यांना समजलंय. इथे ती थांबू शकली असती.

"का?" ती म्हणाली. "दुखतंय का कुठे?"

एवढी माणसं बघत होती. सर गोळ्याशी गेले, पाय रोवले, वाकले. गोळा जमिनीवरून हातभर उठला. मग त्यांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, गोळा पडला, आणि ते चारही हातापायांवर आले ते तसेच राहिले. पुढे होता येईना, मागे होता येईना. नाकावरून घाम रबरावर टपकत होता. भिंतीवरचे लाल आकडे पळत होते.

कुणीतरी त्यांना काखेत धरून उठवायला धावलं. "हलवू नका," कात्री ओरडली, आणि तिने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आल्या. जमिनीवर बसल्या. पायांची बोटं हलवायला लावली, मांडीला कुठे बधिर वाटतंय का विचारलं, लघवीवर ताबा आहे ना विचारलं. ताबा होता. सरांना हळूहळू कुशीवर घेतलं आणि रुग्णवाहिका बोलावली. स्ट्रेचर दाराबाहेर गेल्यावर डॉक्टर कात्रीकडे वळल्या.

"तुम्ही त्यांना उचलायला लावलंत?"

"हो."

"माहीत असून?"

"हो."

"मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?"

"मी फी घेत नाही," कात्री म्हणाली. जीभ सवयीने चालली. मग तिने जाऊन भिंतीवरचं अजून पळणारं घड्याळ बंद केलं.

नणंद तिच्याशी बोलेना. "तुला माहीत होतं," एवढंच म्हणाली. यातलं कोणतं माहीत असणं तिला टोचलं, सरांच्या पाठीचं की त्या बोलण्याने काय होईल याचं, ते कात्रीने विचारलं नाही.

आठवड्याच्या आत गोदामाच्या दारावर नव्या प्रशिक्षकाचा फोटो लागला. जुन्याचं नावही पुसलं. ते पाहून कात्रीचा राग, जो इतके दिवस कुठे टेकावं ते न कळून घरभर फिरत होता, नीट पत्त्यावर गेला. ती मालकाच्या काचेच्या खोलीत शिरली. मालक टापटीप माणूस होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुमचा माणूस दवाखान्यात आहे. भेटायला गेलात?"

"तो आमचा कर्मचारी नव्हता, मॅडम. तासावर यायचा."

"आणि माझा खांदा?"

"तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर आला होतात. तशी सही आहे तुमची."

"तो ओरडायचा ते कुणाच्या जबाबदारीवर?"

मालक थोडा हसला. "खरं सांगू? ओरडलं नाही तर लोक येत नाहीत. आम्ही एकदा शांत बाई ठेवून पाहिली. वर्ग रिकामा."

कात्रीही त्याच ओरडण्यासाठी गेली होती, ओरडण्यानंतरच्या शाबासकीसाठी. ती पाण्याला हात न लावता उठली. दारातून वळून म्हणाली, "लाज वाटली की कळवा," आणि काचेचं दार आपटायला गेली, तर त्याला आपोआप हळू बंद व्हायची सोय होती.

डॉक्टरांनी तिला काढून टाकलं नाही. पुढल्या वेळी ती गेली तेव्हा, "पडद्याचं लक्षात आहे ना?" एवढंच विचारलं आणि पट्टा हातात दिला. दोन-अडीच महिन्यांनी सरही तिथे येऊ लागले, काठी घेऊन. ऑपरेशन टळलं होतं. गोदामातून त्यांना कुणाचाही फोन आला नव्हता. आता ते खेळाच्या सामानाच्या दुकानात, काउंटरमागे उंच स्टुलावर बसायचे. डॉक्टरांनी मुद्दाम केलं की जागा नव्हती म्हणून, पण एकदा दोघांना एकाच भिंतीशी उभं केलं. कात्री हात भिंतीवरून सरकवत वर नेत होती. सर पाठ भिंतीला टेकून हळूहळू खाली बसत होते आणि उठत होते.

"वहिनी," ते समोर बघत म्हणाले, "अजून राग आहे?"

"आहे."

"मलाही आहे."

"माझ्यावर?"

"तुमच्यावरही."

"असू दे," कात्री म्हणाली. मग तिने विचारलं, "बसताना पाठ भिंतीपासून सुटते तुमची. डॉक्टरांनी तसं सांगितलंय?" त्यांनी पाठ टेकवली. दोघांनी आपापला व्यायाम संपवला.

खांदा पुष्कळसा सुधारला. पूर्ण नाही. हात मागे नेऊन वर करायचा एक कोन कायमचा अडला. ड्रायर ती आता डाव्या हातानेच धरते आणि नवीन गिऱ्हाइकांना ती मुळातच डावखुरी वाटते.

नणंद नव्या प्रशिक्षकाकडेही जात राहिली. मग एका सकाळी गुडघा वाकेचना, तेव्हा ती स्वतःहून, तोंड फुगवून, बँकेच्या वरच्या त्या खोलीत आली. कात्रीची वेळही तेव्हाच होती; दोघी परत निघाल्या तेव्हा जिन्यावर नणंदेने एका हाताने कठडा धरला. दुसरा हात तिने कात्रीपुढे केला नाही, आणि कात्रीनेही आपला दिला नाही. दोन पायऱ्या उतरून नणंद थांबली.

"त्या दिवशी तुझा गोळा पडला तेव्हा मी थांबायला हवं होतं."

"हो," कात्री म्हणाली. "हवं होतं."

नणंद वाट बघत राहिली, पुढे काहीतरी येईल म्हणून. पुढे काही आलं नाही. कात्री एक पायरी खाली उतरली आणि तिच्या पुढे, पाठमोरी, हळू चालू लागली. नणंदेचा पाय घसरलाच तर ती पहिली आपल्या अंगावर यावी, इतकं अंतर ठेवून.